स्नेहलनं मोडलेली शपथ

पिंपळवंडीची स्नेहल बारावीत गेली आणि तिची झोप उडाली. कारण अभ्यास नव्हता. वर्गातल्या शौर्यनं हातावर तिचं नाव कोरलं होतं, तेही गोंदणाऱ्याकडून नव्हे, स्वतःच्या हातानं.

आळेफाट्याच्या एसटी स्टँडमागं त्यानं बाही सारून दाखवलं. ‘‘आता तरी पटलं ना माझं प्रेम? कुणाला सांगायचं न्हाई हां. माझी शपथ हाय तुला.’’

पावसाळ्यापासून दोघं सोबतच क्लासला जात, एकच भाजकं कणीस वाटून खात. त्याचा मेसेज आला की स्नेहल गालातल्या गालात हसायची. त्या सुजलेल्या अक्षरांवर मात्र तिनं घाईनं त्याची बाही खाली ओढली.

तिनं न राहवून मैत्रिणीला, हिराला तेवढं सांगितलं. हिरा हरखलीच. ‘‘एवढं करणारा मिळायला नशीब लागतं, येडे! माझ्यासाठी कुणी साधा रिचार्ज मारत न्हाई.’’

मग आपलंच काळीज दगडाचं असेल, असं स्नेहलला वाटू लागलं. पुस्तक उघडावं तर अक्षर दिसेना, ताटावर बसावं तर घास उतरेना. टोमॅटो तोडता तोडता तिनं आईला विचारलं, ‘‘आई, तुझं पप्पांवर प्रेम हाय?’’

‘‘आधी क्रेट भर,’’ आरती म्हणाली. सरीच्या टोकाला गेल्यावर तीच थांबली. ‘‘लगीन झालं तवा मला ह्यांचा नुसता राग यायचा. पुढं कवा जीव जडला, ध्यानातच न्हाई आलं. का गं? कुणी काय बोललं का तुला?’’

‘‘न्हाई.’’

आईच्या उत्तरानं तिचा गोंधळ वाढलाच. एकीकडं ध्यानातच न आलेलं प्रेम, दुसरीकडं कातडीवर कोरलेलं. खरं कुठलं?

पुढं शौर्यचे मेसेज बदलले. ‘मी मेल्यावरच कळेल तुला.’ एकदा क्लास सुटल्यावर तो कट्ट्यावर बसून राहिला. भर उन्हातही बाही मनगटापर्यंत ओढलेली. स्नेहलनं हात लावून पाहिला तर चटका बसावा इतका गरम.

‘‘दवाखान्यात चल आधी.’’

‘‘तू हो म्हण. मग येतो.’’

हो म्हणावं, एवढंच तर मागतोय, असं तिच्या मनात आलं. पण उद्या तो आणखी काही मागेल, आणि तेव्हाही हात असाच पुढं करेल, हे तिला कळून चुकलं. ती उठली.

‘‘माझ्या पप्पांकडं गेलीस तर संपलं सगळं!’’ तो मागून ओरडला.

त्याच्या वडिलांचं, सुनीलचं, हायवेला ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. स्नेहलनं तिथं जाऊन सगळं सांगितलं, आपल्या नावासकट. थोबाडीत बसणार, असं धरूनच ती उभी होती. सुनील चिंधीला हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘खोल हाय का?’’

‘‘पिकलंय, काका. आणि मरायच्या गोष्टी करतोय. क्लासच्या कट्ट्यावर बसलाय, त्याला एकटं सोडू नका.’’

ग्रीसनं माखलेल्या शर्टावरच त्यानं मोटरसायकलला किक मारली.

शौर्यला नारायणगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या समुपदेशक बाई त्याच्याशी रोज बोलत बसायच्या. इकडं गावात कुजबूज झाली. आरतीनं लेकीला आधी फैलावर घेतलं, मग रडू आवरून विचारलं, ‘‘मला का न्हाई सांगितलंस?’’

‘‘सांगणारच व्हते. तू क्रेट भर म्हणालीस.’’

आरतीनं तिला जवळ ओढलं. त्या दिवशी टोमॅटोची तोड तशीच राहिली.

शौर्य वर्गात परत आला तो मागच्या बाकावर जाऊन बसला. त्यानं स्नेहलचा नंबर ब्लॉक केला होता. ‘‘तूच त्याला घालवलंस,’’ हिरा म्हणाली. स्नेहलला तेही खरं वाटायचं. त्यानं एकदा तरी आपल्याकडं बघावं म्हणून तिचा जीव तुटायचा. पण पुन्हा तशीच वेळ आली तर आपण गॅरेजकडंच जाऊ, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एसटी स्टँडवर तो आपण होऊन आला.

‘‘तू सांगितलंस, त्याचा राग हाय अजून.’’

‘‘असू दे.’’

‘‘हात बरा झालाय.’’

डोळे भरलेले त्याला दिसू नयेत म्हणून स्नेहल बसकडं वळली. तोही त्याच बसमध्ये चढला आणि पुढं दांडी धरून उभा राहिला. हे प्रेम होतं, की संपलेलं, की अजून सुरूच न झालेलं, तिला ठरवता येईना. त्याचा उतरायचा थांबा जवळ येऊ लागला आणि उतरताना तरी तो वळून बघेल म्हणून ती सीटवर पुढं सरकून बसली.