करंदीसाठी ठेंगणं झालेलं घर

शैला गेल्याचं कळलं तेव्हा मी पालघरच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन तिच्या शेजारच्या पाटीलकाकूंचा. ‘‘बाई, तुम्ही लगेच निघा. दूधवाला बेल वाजवून गेला, मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं... शैलाबाई उठत नाहीयेत.’’ ‘गेल्या’ हा शब्द त्यांना उच्चारवला नाही. मी रिक्षानं बोईसरला पोहोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. पहाटे कधीतरी हृदय थांबलं असावं, एवढंच ते म्हणाले होते. शैला पलंगाच्या अगदी काठावर कुशीवर होती, आणि तिचा एक हात खाली सुटला होता, तळवा उघडा. त्या तळव्याशेजारी फरशीवरच्या चटईवर करंदी बसली होती. भुंकत नव्हती, रडत नव्हती. खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे तेवढी बघत होती. आता कित्येक आठवडे झाले, पण मी डोळे मिटले की आधी तो उघडा तळवा दिसतो, मग शैलाचा चेहरा.

आम्ही दोघी बोईसरच्या एकाच शाळेत शिकवत होतो. मी मराठी, ती गणित. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी ती. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पोरं तिला घाबरायची, कारण ती रागवायची नाही, नुसती गप्प उभी राहायची. तिला कुणाच्या अंगाला हात लावायची सवय नव्हती. माझी आई वारली तेव्हा ती दिवसभर माझ्या घरी होती. भांडी घासली, आल्यागेल्याला चहा दिला, पण मला जवळ घेणं तिला जमलं नाही. जाताना दारात म्हणाली, ‘‘मला हे येत नाही गं.’’ तिच्या त्या एका वाक्यानं मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त धीर आला होता.

तिनं बोईसरला घर घेतलं तेव्हा तिच्या वडलांनी तिला पलंग करून दिला. त्यांची जुनी होडी मोडीत निघाली होती. तिच्या चांगल्या फळ्या निवडून त्यांनी पलंगाचा सांगाडा केला, आणि चार पाय घडवले ते शैलाच्या धाकट्या भावानं, हरेश्वरनं. उंच, गोल, मधे कमरेसारखे निमुळते. लग्नात द्यायचा पलंग तुझ्या स्वतःच्या घरात देतो, असं म्हणत वडलांनी तो टेम्पोत चढवला. त्यावर चढायचं तर मला थोडी उडीच मारावी लागायची. पावसाळी हवेत त्या लाकडाला समुद्राचा वास सुटायचा.

करंदी तिच्याकडे आली ती अपघातानं. समोरच्या घरातलं कुटुंब बदली होऊन लांब गेलं आणि आपली इवलीशी पॉमेरिअन कुत्री ‘थोडे दिवस’ म्हणून ठेवून गेलं. ते परत आले नाहीत. केस भिजले की ती एवढीशी उरायची, म्हणून शैलानं तिला करंदी म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे सुकवतात ती बारकी कोळंबी, तसंच ते रूप. सुरुवातीला शैला तिच्याशी वर्गातल्यासारखी बोलायची. ‘‘करंदी, बस. करंदी, हे काय चाललंय?’’ मग एकदा मी गेले तर शैला पेपर वाचत होती आणि करंदी तिच्या मांडीवर झोपलेली. माझ्याकडे बघून शैला जराशी लाजली. मी तिला लाजलेलं पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवसांत आमच्या भागात जमीन अधूनमधून हादरायची. डहाणूकडे जोरात, आमच्याकडे हलकं, पण भांडी वाजायची. एका दुपारी आम्ही दोघी पलंगावर चहा घेत बसलो होतो आणि करंदी आमच्यामधे होती. अचानक खालून कुणी ढकलल्यासारखं झालं, फडताळातले डबे खणखणले, आणि करंदीनं घाबरून पलंगावरून खाली उडी घेतली. वाळकी काडी मोडावी एवढाच आवाज झाला. त्यामागून आली ती किंकाळी... ती मला कुत्र्याची वाटलीच नाही. गुळगुळीत फरशीवर ती तीन पायांवर उभी होती आणि पुढचा एक पाय नको तिथून वाकला होता. शैला तिच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि ‘‘मी आहे, मी आहे’’ असं पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

पाय जोडायला ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली. डॉक्टर समजावून सांगत होते, ‘‘बाई, एवढ्याशा कुत्र्याचं हाड पेन्सिलीहून बारीक असतं. आपल्या गुडघ्याएवढी उंची त्याला माडीएवढी. पलंग, सोफा, खुर्ची, कुठूनही उडी नको. आणि ह्या फरश्यांवर चटया घाला, पाय घसरतो.’’ हाड जुळेपर्यंत तिला कोंडून ठेवायचं होतं. शैलानं हरेश्वरला फोन करून मासळीचा निळा क्रेट मागवला. करंदी अजून दवाखान्यातच होती. तो दारातूनच क्रेट देत हसला, ‘‘बोंबलांच्या क्रेटात कुत्री ठेवतंय, ताई? गावात सांगितलं तर लोक हसतील.’’ शैलाही हसली. बहीणभाऊ एकत्र हसलेले मी पाहिले ते तेव्हाचेच शेवटचे.

कारण पाय बरा झाला आणि करंदी पुन्हा उड्या मारायला लागली. शैलानं पलंगाला लहान पायऱ्या लावल्या, तर ती त्यांच्या बाजूनं झेप घ्यायची. उशांची भिंत केली, ती ओलांडायची. शैलाला झोप लागेना. एकदा मला म्हणाली, ‘‘तिला उंची कळतच नाही गं. तिला वाटतं, आपण सगळ्यांएवढेच आहोत.’’ आणि मग एका रविवारी तिनं सुताराला बोलावलं. तो करवत हातात धरून घुटमळत होता. ‘‘मॅडम, सोच लो. पुराना काम है, कटने के बाद जुडेगा नहीं.’’ शैला म्हणाली, ‘‘काटो.’’ पलंगाचे चारही पाय गेले, सोफ्याचे गेले, खुर्च्यांचे गेले. पलंग आता वीतभर उंचीवर आला, वर गादी. तेवढ्या उंचीलाही तिनं काथ्या ठोकलेली एक उताराची फळी लावून घेतली. सबंध घरात चटया अंथरल्या. आणि रोज न कंटाळता करंदीला त्या फळीवरून चढवलं, उतरवलं, शेवटी तिनं उडी मारणं सोडलंच. फळी नसली तर ती काठावर उभी राहून कुणीतरी यायची वाट बघायची.

हरेश्वर गणपतीनंतर आला तेव्हा करंदी पाटीलकाकूंकडे होती. तो आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी बाहेरच्या खोलीत होते. मला त्याचा आवाज ऐकू आला, वर चढलेला नव्हे, उलट बसलेला. ‘‘बाबाचा पलंग हाय तो, ताई. ते पाय मी घडवले होते.’’

‘‘माहीत आहे मला, हरी. ती पुन्हा पडली असती.’’

‘‘कुत्री पडली असती म्हनून बाबाचा पलंग कापलास? आमी तुझ्या कोण नाय?’’

शैला नेहमीसारखी गप्प उभी राहिली. वर्गात पोरांना कळायची तिची ती शांतता, भावाला कळली नाही. तो चहा न घेता निघून गेला आणि पुन्हा त्या घरी आला नाही. राखी ती दर वर्षी पोस्टानं पाठवायची. पोचल्याचं कळवायचा तो, पण बायकोकडून. त्या दोघांच्या मधे पडायचा मी प्रयत्न केला, तर शैला म्हणाली, ‘‘त्याचं बरोबर आहे. माझंही चुकलं नाही. आता काय करायचं?’’

पुढची वर्षं त्या ठेंगण्या घरात गेली. तिथं गेलं की गुडघे छातीशी घेऊन बसायला लागायचं. नव्यानं येणारे हसायचे, मग विसरायचे. मलाही तिथंच बरं वाटू लागलं. आपल्या घरी परत आल्यावर खुर्ची उगाच उंच वाटायची...

ती गेली त्या दिवशी तिच्या गावाहून माणसं आली, हरेश्वर आला. सगळं आटोपल्यावर तो आत जाऊन त्या पलंगावर बसला. उंच माणूस, गुडघे हनुवटीशी आले त्याचे. पाटीलकाकू गॅलरीत उभ्या होत्या. त्या मला हलकेच म्हणाल्या, ‘‘बाई, एक सांगू? ही फळी बघा. काल संध्याकाळी त्यांनी धुऊन इथं वाळत ठेवली होती, अजून ओलीच आहे.’’

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी गॅलरीचा कठडा धरला. रात्री फळी पलंगाजवळ नव्हती. करंदी उडी मारत नव्हती. करंदी झोपायची शैलाच्या कुशीत, आणि आम्हांला सापडली ती खाली, चटईवर. शैलाच्या छातीत दुखायला लागलं असेल, तिला काहीतरी उमजलं असेल, फोन हाताशी होता, ठोकायला पाटीलकाकूंची भिंत हाताशी होती... आणि तिनं आधी करंदीला खाली ठेवलं. मला हे सिद्ध करता येणार नाही. पण मला दुसरं काही दिसतही नाही.

मी आत जाऊन हरेश्वरला हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. करंदीला मी पालघरला न्यायचं ठरवलं होतं, तिची भांडीही पिशवीत भरली होती. निघताना त्यानं ती पिशवी माझ्या हातातून घेतली. ‘‘ही माझ्यासंगती येल,’’ एवढंच म्हणाला.

ते घर आता बंद आहे. मी एकदा तिथं झाडांना पाणी घालायला गेले. मधोमध उभी राहिले तर सगळं सामान माझ्या गुडघ्यांखाली, आणि मी एकटीच ताठ, उंच, परकी. आतल्या खोलीतल्या चटईवर नखांचा खरखर आवाज आला. मी जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. पुन्हा आला. मी कुंड्या तशाच ठेवून दार ओढून घेतलं. आता घरीही दुपारी कधी कधी तो आवाज येतो, आणि हातातलं काम टाकून मी खाली बघते.

गेल्या आठवड्यात न राहवून हरेश्वरच्या गावी गेले. दुपारची वेळ, अंगणात बोंबील वाळत टाकलेले. त्याची बायको ओट्यावर जाळं आवरत होती. ‘‘या बाई. ते आत झोपलेत. बघा तरी कशे झोपलेत!’’ आत खाट रिकामी होती. हरेश्वर खाली चटईवर झोपला होता आणि त्याच्या बरगडीला टेकून करंदी. ‘‘ती आली त्या दिसापासून खाटंवर गेले नाय,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘होडीवर गुडघे गेलेत त्यांचे, उठताना वरडतात. मी म्हनते ती खाली झोपल, तुमी वर झोपा. तर म्हनतात, रात्री वर यायला बघंल, मग उतरंल कशी?’’

आमच्या बोलण्यानं तो जागा झाला. मला बघून ओशाळला. उठायच्या आधी त्यानं करंदीला बाजूला ठेवायला घेतलं. एक तळवा तिच्या छातीखाली सरकवला, दुसरा मागच्या पायांखाली, तिला आडवी, सपाट धरून उचललं, आणि चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत हात काढले नाहीत. शैला अशीच उचलायची तिला, अगदी अशीच, शेवटी क्षणभर थांबून. हरेश्वरनं ते कधी पाहिलं नव्हतं. तो त्या घरी येतच नव्हता.

‘‘हे कुणी शिकवलं तुम्हांला?’’ मी विचारलं.

‘‘कोण शिकवनार?’’ तो भिंतीला धरून सावकाश उठत म्हणाला. ‘‘मी पयले कसाबी उचलायचो. तर ही अंग चोरायची. मग सोताच वळायची, छाती माझ्या हातावर टेकवायची, नि मागचा पाय दुसऱ्या हातावर ठेवून गप राहायची. तिलाच म्हाईत हाय, बाई. कसं धरायचं ते तीच सांगतंय.’’