बेहड्यावरची बाळंतीण

पौडच्या सरकारी दवाखान्यात सारजाबाई शेडगे नर्स म्हणून आल्या, त्याला एकोणीसशे बासष्ट साली दहा वर्षं झाली. ऐन विशीत नवरा गेला, पदरी मूल नव्हतं. पुण्याला जाऊन त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं आणि आपल्याच मुलखात परत आल्या. सकाळभर जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या, आणि कुठून बोलावणं आलं की पत्र्याची पेटी उचलून चालू पडायचं. कोळवणच्या खोऱ्यात त्यांच्या हातावर मूल जन्मलं नाही असं एक गाव नव्हतं.

त्या वर्षी माघात मात्र एक पहिलटकरीण त्यांच्या हातात गेली. दोन दिवस अडल्यावर बोलावणं आलं होतं, त्यामुळे कुणी त्यांना बोल लावला नाही. तरी आत काहीतरी बिनसलं. ताटावर बसल्या तरी त्या पोरीचं कण्हणं कानात यायचं. काम चुकत नव्हतं, पण कामावरचं मन उडालं होतं.

धाकटा भाऊ जयसिंग लष्करात ड्रायव्हर होता. सुट्टीवर आला आणि बहिणीचा उतरलेला चेहरा बघून त्यानं आपला डबा कॅमेरा तिच्यापुढं ठेवला. "अक्का, हा तुला. रविवारी तरी ती पेटी सोडून दुसरं काहीतरी हातात धर."

एका रोलात आठ फोटो निघत. पहिल्या आठांतला एकही धड आला नाही. पण खंड्या पक्ष्यासाठी सारजाबाई मुळा नदीच्या काठी दोन तास दगडासारख्या बसल्या होत्या, आणि त्या दोन तासांत कानातलं कण्हणं थांबलं होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं ते घरी परतताना. त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं की रविवार आपला. अडलेल्या बाईचं बोलावणं आलं तर गोष्ट वेगळी, बाकी कुणाला तो द्यायचा नाही.

चैत्रात त्या कोळवणच्या वर धनगरवाड्यावर गेल्या होत्या. तिथल्या कोंडाबाईचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. बाळ बघून उतरताना कोंडाबाईचा नवरा येसाजी वाट दाखवायला सोबत आला. ओढ्याशेजारी एका बेहड्यावर घारीएवढं राखाडी पाखरू बसलं. बाकदार मोठी चोच, त्यात उंबराचं फळ. खोडाच्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं होतं, मधे बोटभर फट. पाखरानं फळ फटीशी धरलं, आतून दुसऱ्या चोचीनं ते उचललं.

"धनेश हाय त्यो," येसाजी म्हणाला. "मादी आत कोंडून बसलीया. पिल्लं मोठी होस्तवर भाईर येत न्हाई. नर आणून चारतुया."

"किती दिवस?"

"दोन-अडीच म्हैनं तरी."

दहा वर्षं बाळंतिणींत काढलेली ती बाई वर बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "येसाजी, हिचा फोटो काढायचा."

पुढच्या रविवारी त्यांनी खालूनच आठही फोटो काढले. रोल एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पुण्याच्या स्टुडिओत गेला. फोटोंबरोबर स्टुडिओवाल्याची चिठ्ठी आली: झाड चांगलं आलं आहे, पक्षी कुठे आहे ते खूण करून कळवावे.

सारजाबाई हसल्या. माघानंतर पहिल्यांदाच. मग चिठ्ठी बाजूला ठेवून विचाराला लागल्या. साध्या डब्याला दूरचं जवळ आणता येत नव्हतं. सहा-सात हातांवर गेल्याशिवाय पाखरू पाखरासारखं दिसणार नव्हतं, आणि ढोली दोन पुरुष उंचीवर. बेहड्याला लागून एक जांभूळ होतं. त्याच्या बेचक्यात माळा बांधून द्यायला त्यांनी येसाजीला सांगितलं.

कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. "बाई, तुमी झाडावर चढणार? मान्सं काय म्हंत्याल?"

"म्हणू देत. बाई अडली तेव्हा मागच्या भिंतीवरून उतरून घरात गेलेय मी. झाड काय त्याहून अवघड आहे?"

त्या चढल्या, पण नर आला नाही. लांबच्या फांदीवर चोचीत फळ धरून बसून राहिला. अर्धा तास झाल्यावर सारजाबाई खाली उतरल्या. आतली उपाशी राहिली तर असला फोटो काय करायचा? दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं कोंडाबाईकडं धाडलं. येसाजीनं ते माळ्याभोवती आडोशाला बांधलं आणि लुगड्याला पाडलेल्या भोकाशी कॅमेऱ्याएवढा एक काळा डबा ठेवून दिला. पाखराला सवय होऊ द्यायची. कोंडाबाई शेरडं घेऊन तिकडंच जायची, ती रोज निरोप धाडू लागली. पहिले दोन दिवस नर बिचकला, तिसऱ्या दिवशी ढोलीवर बसला.

चौथ्या दिवशी वेगळाच निरोप आला. कोळवणच्या हैबतरावांचे गुडघे धरले होते. धनेशाच्या तेलानं सांधे मोकळे होतात असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, आणि ढोली फोडायला गडी जाणार होते.

सारजाबाई दवाखान्यातून तशाच एसटीत बसल्या. हैबतराव ओसरीवर पाय पसरून बसले होते.

"आबा, ती ढोली फोडू नका."

"का? पाखरू तुमी पाळलंय व्हय, नर्सबाई?"

"नाही. पण आत पिल्लं आहेत. आणि त्या तेलानं गुडघा सुटत नाही."

"मग कशानं सुटतुया? तुमच्या गोळ्या खाऊन जिभंची चव गेली माझ्या."

"आठ दिवस द्या. रोज संध्याकाळी येऊन मी स्वतः शेकते, मालिश करते. तोवर गडी पाठवायचे नाहीत."

"आन् न्हाई गुण आला तर?"

"तर पुन्हा माझ्याशीच भांडा. गडी पाठवायच्या आधी मला इथं बोलवा."

हैबतरावांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. त्यांचे दोन्ही नातू हिच्याच हातावर जन्मले होते, पण तिनं त्याचा उच्चारही केला नाही. "आठ दिस," ते म्हणाले. "नववा न्हाई."

दवाखाना सुटला की सारजाबाई रोज कोळवणला जाऊ लागल्या. मिठाच्या गरम पुरचुंडीनं गुडघे शेकायचे, तेल जिरवायचं, पाय हळूहळू वाकवायला लावायचा. परतीची एसटी चुकली की भाताच्या मोकळ्या खाचरांतून चालत निघायचं. पाय दुखत, पण झोप लागत होती.

रविवारी उजाडताच त्या माळ्यावर चढल्या. काळा डबा काढून तिथं कॅमेरा ठेवला. खटक्याचा आवाज दबावा म्हणून त्याला फडकं गुंडाळलं होतं. ऊन ढोलीवर यायला नऊ वाजणार होते. मुंग्या पायावर चढल्या, मांडी बधिर झाली. त्या हलल्या नाहीत. अशा वेळी घाई करणाऱ्याच्या हातून काम बिघडतं, हे त्यांना पेटीनं शिकवलं होतं.

नवाच्या सुमाराला पंखांचा जड आवाज आला. नर बसला, मान वळवून लुगड्याकडं बघत राहिला. सारजाबाईंनी श्वास रोखला. त्यानं गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीशी धरलं. आतली चोच बाहेर आली, आणि दोन्ही चोची एका फळाला लागल्या तेव्हा त्यांनी खटका दाबला. नर दचकला, पण उडाला नाही. दुपारपर्यंत तो तीनदा आला. आठही फोटो संपले.

शुक्रवारी एसटीवाल्यानं पाकीट आणून दिलं. सहा फोटो हललेले, एक काळा. एक मात्र स्वच्छ होता: बाकदार चोच, फळ, आणि फटीतून पुढं आलेलं आतल्या चोचीचं टोक.

संध्याकाळी शेकून झाल्यावर त्यांनी तो हैबतरावांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो उन्हाच्या तिरिपेत धरला, लांब केला, जवळ आणला.

"ही आतली?"

"हो. येसाजी सांगतो, आत बसली की पिसं गळतात तिची. आता ढोली फोडली तर उडताही यायचं नाही."

"आन् ह्यो एकलाच दाणापाणी करतुया?"

"दिवसभर."

हैबतरावांनी फोटो जपून मांडीवर ठेवला. मग गड्याला हाक मारून म्हणाले, "त्या बेहड्याकडं कुणी जायाचं न्हाई. म्हनावं मी सांगितलंय." गुडघा पुरता सुटला नव्हता, पण ओसरीच्या पायऱ्या ते काठी टेकत उतरू लागले होते. "उद्यापास्नं येऊ नका, असं न्हाई म्हनत मी," एवढं त्यांनी वर पुस्ती जोडली.

मादी बाहेर आली तो दिवस सारजाबाईंना साधला नाही. ज्येष्ठातल्या त्या रविवारी भुकूमला एक बाई अडली होती. संध्याकाळी मूल रडलं, बाई मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईनं सांगितलं, "बाई, फोडून भाईर आली. पयल्यांदा फांदीवर नीट बसताबी येईना तिला."

सारजाबाईंना चुटपुट लागली. ढोलीखाली पडलेल्या चिखलाच्या खपल्या त्यांनी बघितल्या आणि लगेच येसाजीला माळ्याच्या दोऱ्या पावसाआधी सोडून पुढच्या वर्षासाठी ठेवायला सांगितलं; पाखरं दरसाल त्याच ढोलीत येतात, असं तो म्हणाला होता. पुढच्या फाल्गुनात त्यांनी डॉक्टरांकडं ज्येष्ठातल्या आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण काय लिहायचं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळंतपण लिहा."