आधी वासराला

आमच्या चाकणच्या प्रसूतिगृहात यशोदाबाई बारा वर्षं आया आहे. रक्त, ओकारी, सगळं ती नाक न मुरडता पुसते. तिला शिसारी येते ती मोरीत पिळून टाकलेल्या पहिल्या दुधाची. काल गवराबाई नावाच्या सासूने सुनेचा पिवळा चीक "घाण हाय त्यो" म्हणत पिळून टाकायला लावला, तान्ह्याला मध चाटवला आणि नातू झाला म्हणून घरच्या गाईच्या चिकाचा डबाभर खरवस वाटायला आणला.

यशोदाबाईने डबा परत ढकलला. "आजी, हा चीक काढायच्या आधी वासराला पाजलं होतं?"

"मंग? न्हाईतर जगंल व्हय ते?"

यशोदाबाईने बाळ उचलून सुनेच्या छातीला लावलं. "गोठ्यात जन्मला असता, तर पहिला घोट ह्यालाच मिळाला असता!"