‘मेल्या’ म्हणजे काय?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाकी तिला माझं सगळं ठाऊक आहे – ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झालो तेसुद्धा. हे मात्र नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझ्या भाषणाला बहुधा कधी बसला नसाल. भाषणाचं पुढे येईलच. ते सांगताना जरा अडखळेन, तेवढं चालवून घ्या.

मी पुण्याहून आलो तेव्हा गुरुग्रामला सगळे गुडगावच म्हणत. काचेच्या चार इमारती, मध्ये मोहरीची शेतं, आणि प्रत्येक इमारतीमागे धडधडणारा जनरेटर. मी दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहायचो आणि सकाळी चार्टर्ड बसनं कंपनीत जायचो. कंपनी छोटी. परदेशातल्या बँकांना प्रोग्रॅम लिहून द्यायची. मालक मल्होत्रासाहेब. आणि माझ्याखेरीज मराठी माणूस एकच – कुमुदताई.

कुमुदताई माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठ्या, जन्मापासून पहाडगंजातल्या. त्यांचं मराठी ऐकून मी सुरुवातीला मनात हसायचो. उंबरठ्याला त्या ‘ते दरवाज्याच्या खालचं’ म्हणायच्या. ‘अच्छा मंदार, तू बिल्कुल जेवला नाहीस का रे?’ असं विचारायच्या. पण रागावताना? रागावताना त्यांच्या तोंडून अस्सल सांगली यायची. कारण घरी होत्या त्यांच्या सांगलीच्या आत्या. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे दिल्लीला आलेल्या, आणि तेव्हापासून अख्ख्या घराला दिवसभर बोलणाऱ्या. कुमुदताईंना अवघड मराठी शब्द येत नसत, पण आत्यांची बोलणी तोंडपाठ होती.

तर या कुमुदताईंनी एक सॉफ्टवेअर लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं; आमच्या चुका निस्तरून वैतागल्या म्हणून लिहिलं. आम्ही दिवसभर जो कोड लिहायचो तो संध्याकाळी ते वाचून काढायचं, आणि जिथे गडबड असेल तिथे ओरडायचं. मराठीत, रोमन लिपीत. उघडलेली फाइल बंद करायला विसरलात, की पडद्यावर यायचं – ‘दार उघडं टाकून गेलास, घरी नोकर आहेत का?’ काही घेऊन ठेवलं आणि वापरलंच नाही – ‘आणलंस कशाला मग?’ कोड नको इतका लांबवला – ‘आटप आता.’ आणि तीच चूक दुसऱ्यांदा केली, की – ‘मेल्या, परत तेच?’

सगळे त्याला ‘आत्या’च म्हणायला लागले. पंजाबी, तमिळ, बिहारी – सगळे. ‘आज आत्या ने पकड़ लिया यार.’ अर्थ कुणाला नीट कळायचा नाही, पण भाव बरोब्बर कळायचा. ते ओरडणं ऐकायला नको म्हणून लोक खरोखर नीट कोड लिहू लागले. मल्होत्रासाहेब तर चक्रावूनच गेले. बँकांच्या तक्रारी येईनाशा झाल्या होत्या.

एका दिवाळीला कुमुदताई खऱ्या आत्यांना ऑफिसात घेऊन आल्या. नऊवारी, पायात कापडी बूट, हातात चकल्यांचा डबा. पडद्यावरची रोमन अक्षरं मी त्यांना वाचून दाखवली. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘अगं बाई, हे तर माझंच!’ मग माझ्याकडे वळल्या. ‘मेल्या, किती वाळलायस! इथं कोण घालतं का नाही तुला जेवायला?’ आणि माझी ओंजळ चकल्यांनी भरली.

हे मुद्दाम सांगतोय. त्या शब्दाचा अर्थ मला माहीत होता. नुसता माहीत नव्हता – तो मी खाल्ला होता, तिखट-मिठासकट.

आता माझं. आत्याची बोलणी सगळ्यात जास्त कोण खायचं असं तुम्हाला वाटतं? मी फायली उघडायचो आणि विसरायचो. सवयच तशी. रोज संध्याकाळी पडद्यावर माझं नाव, आणि पुढे ते दार, ते नोकर, ते मेल्या. कँटीनमध्ये लोक मला विचारायचे, ‘क्यों भाई, दार बंद किया?’ मी हसायचो. हसण्याशिवाय दुसरं काय करणार? आपल्याच भाषेतलं बोलणं, आणि मजा सगळ्या दुनियेला. पुण्याचा मी, शुद्ध मराठीवाला – आणि मला मराठीतून झापणार कोण, तर जिला उंबरठा म्हणता येत नाही ती! हे मनात यायचं. खोटं कशाला बोलू, रोज यायचं.

मग अमेरिकेतली एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला आली. त्यांचे तीन साहेब सुटाबुटात, घामाघूम, गुडगावची धूळ पुसत बसले. त्यांना आमच्या बँका नको होत्या. त्यांना हवी होती आत्या. तिकडच्या त्यांच्या सगळ्या प्रोग्रॅमरांना ती द्यायची होती. मल्होत्रासाहेब म्हणाले, ‘कुमुदजी, लाइव दिखाओ.’ कुमुदताईंनी समोर सापडला तो कोड घेतला. तो माझा होता. पडदा भरून गेला – दार, दार, मेल्या, दार, मेल्या. साहेब लोक हसून हसून खुर्चीतून घसरायला आले. एकानं विचारलं, ‘हा गृहस्थ अजून नोकरीवर आहे?’ आणि मल्होत्रासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आपुलकीनं. पण बोटच ते.

सौदा झाला. कुमुदताईंनी अमेरिकेला जायचं, आत्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर, असं ठरलं. पहाडगंजातल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसालाही आत्यांनी पेढा दिला, आणि जोडे दाराबाहेर न काढल्याबद्दल बोलणीही.

आणि त्याच आठवड्यात आत्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कुमुदताई रजेवर गेल्या. इकडे अमेरिकेहून त्या कंपनीच्या वकीलबाईंचा निरोप आला – सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाक्याचा इंग्रजीत अर्थ हवा. मराठी येणारा कोण उरला होता?

मल्होत्रासाहेबांच्या केबिनमध्ये मी फोनसमोर बसलो. बाई अत्यंत सभ्य. एकेक वाक्य विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. दाराचं नीट सांगितलं. नोकरांचं तर जरा सौम्यच करून सांगितलं. मग त्यांनी अडखळत वाचलं, ‘मे-ल्या. याचा अर्थ?’

सांगायला किती सोपं होतं! म्हणायचं, बाई, हा आमच्याकडे आया-मावश्या लाडानं रागावताना वापरतात तो शब्द. एवढंच. पण ते खुर्चीतून घसरणारे साहेब डोळ्यांसमोर आले. ते बोट आलं. आणि मी शब्दकोशातला अर्थ सांगितला.

‘मेलेला माणूस,’ मी म्हणालो.

‘म्हणजे हे सॉफ्टवेअर आमच्या कर्मचाऱ्याला मेलेला माणूस म्हणतं?’

‘हो.’

‘वारंवार?’

‘त्यानं वारंवार चूक केली तर वारंवार.’

‘ही धमकी समजायची का?’

हा शेवटचा दरवाजा होता. अजूनही बाहेर पडता आलं असतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘ते मी कसं सांगू? ते ज्याला ऐकावं लागतं त्याच्यावर आहे. मला स्वतःला रोज ऐकावं लागतं.’ आणि आवाज जरासा कापवला. हो – कापवला. आपोआप कापला नाही.

बाई हळहळल्या. माझे आभार मानले.

खरी गंमत पुढे आहे, म्हणजे तिला गंमत म्हणायची असेल तर. त्यांनी खातरजमा म्हणून कुमुदताईंनाही ईमेलवर विचारलं. आणि कुमुदताईंना तो शब्द कुठून आला हे माहीतच नव्हतं! जन्मभर त्यांनी तो आत्यांच्या तोंडून ऐकला होता, तोही अंगावरून हात फिरता फिरता. त्यांनी इस्पितळातून मनापासून उत्तर पाठवलं – याचा अर्थ ‘बेटा’. वकीलबाईंनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. एकीकडे बेटा, एकीकडे मेलेला माणूस. खरं बोलणारी खोटी ठरली, आणि मी, ज्यानं एक अक्षरही चुकीचं सांगितलं नव्हतं, तो...

कुमुदताईंचं जाणं आधी लांबलं, मग राहिलंच. आत्याची सगळी वाक्यं काढून टाकली. त्यांच्या जागी इंग्रजीत आलं – ‘कृपया ही ओळ पुन्हा पाहावी.’ सगळ्या चुकांना एकच वाक्य. आता मला सांगा, कृपया म्हटल्यावर जगात कुणी काही पाहिलंय का? कुणी पाहीना. आमचे लोकही नाहीत, तिकडचेही नाहीत. पुढे कंपनीच्या एका अवाढव्य सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन, त्यात टिचकी मारली तरच आत्या चालायची. पुढच्या आवृत्तीत तो चौकोनही गेला. कुमुदताई तोवर राजीनामा देऊन नोएडाच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागल्या होत्या.

आणि मी? अमेरिकेला मी गेलो. वकीलबाईंनी माझं नाव सुचवलं होतं. तिथे कामाच्या ठिकाणी शब्दांनी माणसं कशी दुखावतात या विषयावर कंपनीला कुणीतरी बोलणारा हवा होता. तेच ते भाषण. अनेक वर्षं मी ते देत होतो – पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘मेल्या’, आणि शेजारी मी, दुखावलेला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. एकदा एक जण रडला.

परत आल्यावर गेल्या वर्षी गुरुग्रामला आमच्याच सोसायटीत एका मराठी घरी मुंजीचं जेवण होतं. श्रीखंडाच्या वाटीपाशी माझ्या पाठीवर थाप पडली. कुमुदताई. केस पांढरे, बाकी तशाच. ‘अरे मंदार! कितना बारीक झालायस!’

आम्ही खिडकीपाशी ताटं घेऊन बसलो. बोलता बोलता त्याच म्हणाल्या, ‘त्या वकिलीणबाईला असा उलटा अर्थ कुणी सांगितला असेल रे?’

‘त्या अमेरिकन कंपनीच्या बंगलोरच्या ऑफिसातलं कुणीतरी असेल,’ मी म्हणालो. इतक्या पटकन, की जणू वर्षानुवर्षं तयार ठेवलं होतं.

‘हां. बिचाऱ्यानं डिक्शनरीत पाहिलं असेल,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला तरी काय माहीत.’

मी पुरी मोडली.

मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, ‘एक सांगू? कुणाला बोलले नाही आजवर. आत्या शेवटपर्यंत विचारायची – माझं ते मशीन चालतंय का गं अजून? आणि मी दर वेळी सांगायचे, चालतंय ना, अमेरिकेत सगळ्यांना ओरडतंय. खूश व्हायची. शेवटच्या दिवशीपण तेच सांगितलं मी. साफ खोटं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले रे. फार वाटतं मला त्याचं.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणतो म्हणून.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, ‘जाऊ द्या, कुमुदताई. एवढं मनाला लावून घेऊ नका. माणसाकडून होतं असं.’

त्यांना खूप बरं वाटलं. माझे आभार मानून त्या माझ्यासाठी आणखी श्रीखंड आणायला उठल्या. मी ते खाल्लं.