खळ्यातलं टेनिस

बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा मी झरीच्या शाळेत शिक्षक होतो. टेनिस औरंगाबादला कॉलेजात शिकलो होतो. परभणीच्या एका क्लबात खेळू द्यावं, अशी विनंती घेऊन गेलो. क्लबाचे सेक्रेटरी वकील होते. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या.

"मास्तर, इथं पांढरे बूट लागतात. अनवाणी नाचायला गावात खळं हाय की तुमचं."

व्हरांड्यातले सगळे हसले. मी सायकल काढली. घर येईपर्यंत ठरलं होतं: या माणसाला अनवाणी उभं करायचं.

ज्वारीची मळणी झाली की खळं उन्हाळाभर रिकामं असतं. एका शेतकऱ्याकडून त्याचं मोठं खळं मागून घेतलं. मळणीचे बैल बांधायचा मधला खांब उपटला, पाणी मारून बैल फिरवले, शेणानं सारवून घेतलं. अंबाडीच्या दोरीची जाळी बांधली, चुन्याच्या रेघा मारल्या. शेतकरी, सालगडी, बौद्ध वस्तीतले तरुण, शाळेतल्या पोरी. येईल त्याला शिकवलं. पुढच्या उन्हाळ्यांत शेजारच्या गावांनीही खळी आखली. लोक याला समाजकार्य म्हणत. माझ्या डोक्यात वकिलांचे पाय होते.

बातमी परभणीला पोचली. नव्याने बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याला इथं खेळायचं होतं. जोडीदार म्हणून त्याने वकिलांनाच आणलं. वेळ मला विचारली होती. मी भर दुपारची सांगितली.

वकील बुटांसह आत निघाले. खळ्याचा मालक आडवा आला.

"साहेब, पायताण भाईर. खळ्यात लक्ष्मी असती."

"दाणा तरी हाय का खळ्यात?"

"आज न्हाई. म्हून काय ती उठून गेली?"

अधिकाऱ्याने बूट केव्हाच काढले होते. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी रॅकेटच्या तारा तपासत राहिलो. त्यांनी नाड्या सोडल्या.

माझा जोडीदार सालगडी होता. त्याच्या आणि माझ्या टाचांना ते ऊन सवयीचं होतं. गुण लवकर घेता आले असते, घेतले नाहीत. चेंडू वकिलांच्या डाव्या हाताला दिला, मग उजव्या, पुन्हा डाव्या. चेंडू नसेल तेव्हा ते एक पाय उचलून उभे राहत.

"मास्तर, संपवा की," बांधावरून एक म्हातारी ओरडली. "साहेबाचे पाय भाजायलेत."

"सेट बाकी हाय, मावशी."

सेट संपला तेव्हा फोड आलेले पाय बुटांत जाईनात. वकिलांनी बूट हातात घेतले. जीपकडे जाताना थांबून त्यांनी पाणी मागितलं.

मी पेलाभर दिलं, प्यायला. बादलीत आणखी होतं. त्यांची नजर तिच्यावर होती. ती बादली मी पुढच्या खेळासाठी खळ्यावर शिंपडली.