पितळेचा सांधा

चतुराबाईच्या घरात भांड्यांपेक्षा जुनं लोखंड जास्त. बोथट कुऱ्हाडी, मोडके विळे, दांडा नसलेल्या कुदळी. सोनपेठच्या बाजारात बाकीच्या बायका बांगड्यांपाशी रेंगाळायच्या, ही भंगाराच्या ढिगाशी उकिडवी बसायची. गाव तिला हसायचं. आमच्या गावाला दुसरं येतं तरी काय?

तिचा नवरा वैजीनाथ बांधावरची बाभूळ तोडायला कुऱ्हाड घेऊन गेला, तो परत आलाच नाही. त्या बाभळीवरून त्याची आणि धाकट्या भावाची, सुग्रीवची, जुनी धुसफूस होती. सुग्रीवनं सांगितलं, "दादा गोदावरी उतरून पल्याड गेला. म्या डोळ्यानं बघितलं." दिवस रझाकारांचे होते. माणूस नाहीसा झाला की त्यांचं नाव घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. कुणी शोध घेतला नाही. पुढं भाऊबंद तिच्या बांगड्या फोडायला निघाले, तेव्हा सुग्रीवच आडवा आला. "वैनी, दादा येनार. कुंकू पुसू नका." असा दीर मिळायला भाग्य लागतं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून ती कुऱ्हाड शोधायला लागली. परमुलखात पोटासाठी धन्यानं ती विकली असेल, तर कुठल्या तरी बाजारात निघेल. विकणाऱ्याला विचारता येईल, माणूस कुठं हाय. खूण पक्की होती. कुऱ्हाडीचं नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, तडकलेलं. वालूरच्या लोहारानं त्यावर पितळेचा सांधा घातला होता आणि ते पितळ चतुराबाईच्या रुखवतातल्या फुटक्या पळीचं होतं.

त्या कुऱ्हाडीसारखी दिसेल ती ती उचलून आणायची, राखेनं घासायची, उजेडात धरायची. नसली तरी फेकायची नाही. "हिचाबी कुनी धनी असंल की," म्हणायची. घासता घासता तिची नजर अशी बसली की, ही झरी गावाकडची, ही डावखुऱ्याची, हे ती नुसती धार बघून सांगायची. हसणारेच मग हरवलेलं खुरपं विचारायला तिच्या दारात यायचे.

खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पूजेला मांडतात. त्या दिवशी ती कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर फिरायची. सवाष्ण दारात आली म्हणून लोक पाट द्यायचे. ती कुंकू लावता लावता प्रत्येक कुऱ्हाड निरखायची.

पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले. भीतीपोटी बळदात, भिंतीतल्या धान्याच्या कोठारात, दडवलेलं सामान लोकांनी बाहेर काढलं. सुग्रीवच्या बायकोनं, सारजाबाईनंही काढलं. तळाशी पोत्यात गुंडाळलेली एक कुऱ्हाड निघाली. तिला काही ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला घरातलं एकही लोखंड पूजेवाचून राहू नये, एवढंच तिला ठाऊक. तिनं ती धुऊन बाकीच्या हत्यारांत मांडली आणि मोठ्या जावेला हाक दिली.

मी शेजारची, पाटाशेजारीच बसले होते. चतुराबाईनं नांगराच्या फाळाला कुंकू लावलं, विळ्याला लावलं. मग तिचा हात थांबला. नेढ्यावरचा पितळेचा सांधा धुऊन लख्ख झाला होता.

"अक्का, लावा की," सारजाबाई म्हणाली.

दारात सुग्रीव उभा होता. कुऱ्हाडीकडं बघून तो एक पाऊल मागं सरला. ती ओरडेल, त्याच्या अंगावर धावेल, असं मला वाटलं. निदान एकदा तरी ओरडायला हवं होतं.

तिनं कोयरी खाली ठेवली. स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं पुसून काढलं आणि त्या पात्याला लावलं. कुऱ्हाड पदरात घेऊन ती उठली, दाराशी गेली आणि दिरासमोर थांबली.

"भावजी, दादा येनार, दादा येनार म्हनत व्हतात न्हवं?" ती म्हणाली. "आले बघा."