पहिलीची तीन पोरं

आमच्या गावात एकाच आवारात दोन शाळा आहेत. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, मध्ये पाण्याची टाकी. मोठा भाऊ मराठीत शिकला, त्याच्या पाठची बहीण कन्नडात, मी पुन्हा मराठीत. कर्नाटकातल्या आमच्या रामनगरच्या आसपासच्या बऱ्याच घरांत अशीच वाटणी होती. तहसीलमधून आलेला कागद वाचायला घरात एक कन्नड शिकलेलं हवं आणि खानापूरच्या पाहुण्यांना पत्र लिहायला एक मराठी. शिवाय दोन्ही शाळांचे मास्तर गावातच राहत. एकाला पोर द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे कुणाला जमत नसे. घरोघरी चार-पाच मुलं असल्यामुळे दोन्ही वर्ग भरत. आमच्या पहिलीत गोणपाटावर जागा न मिळालेली मुलं उंबऱ्यावर बसत.

आता घरात एक, फार तर दोन मुलं. मोठ्या भावाला एकच मुलगी. मे महिन्याच्या शेवटी मी बेळगावहून घरी गेलो, तेव्हा तिला सहा वर्षं पूर्ण झाली होती आणि शाळा ठरायची होती.

एका संध्याकाळी मराठी शाळेचे गुरुजी आले. ते ओट्यावर टेकतात तोच कन्नड शाळेच्या टीचर आल्या. दोघेही मुलं शोधत घरं फिरत होते.

"तुम्ही आधीच आलात वाटतं," टीचर म्हणाल्या.

"चहा अजून आलेला नाही. म्हणजे बरोबरच आलो," गुरुजी म्हणाले.

वहिनी सुपात भाताचं बियाणं पाखडत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "माझ्या पोरीसंगं पहिलीत आनी कोन हाय?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "यंदा अजून कोणी नाही. पण ताई, पहिली ते तिसरी एकत्रच बसतात. एकेकाकडे नीट लक्ष देता येतं."

"लक्ष द्यायला तुमी हायसा. भांडायला कोन हाय?"

टीचर हसल्या आणि मग आपणहून म्हणाल्या, "आमच्याकडंबी पहिलीला अजून कोन न्हाई, अक्का."

बेळगावात वर्गात मुलं कमी असावीत म्हणून जास्त फी भरणारे पालक मला माहीत आहेत. वहिनीला वर्ग भरलेला हवा होता. रामनगरच्या इंग्रजी शाळेत तसा वर्ग होता आणि तिची व्हॅन आमच्या फाट्यापर्यंत येते. पण पुतणीला गाडी लागते. रामनगरला पोहोचेपर्यंत तिला दोनदा उतरवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच वयाची मुलं असलेल्या दोन घरी जाऊन आली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: "तुमचं काय ठरतंय ते बघू म्हनून थांबलोय आमी." म्हणजे तिन्ही घरं एकमेकांकडे बघत बसली होती. दुपारी तिघी आया आमच्या ओट्यावर जमल्या. जुन्या पद्धतीनं वाटणी करायची, तर दोन पोरं एकीकडे जाणार आणि तिसरं एकटं पडणार.

"कुनाचं पडंल?" एकीनं विचारलं.

दुसरी शाळेत माझ्या एक वर्ग मागे होती. ती म्हणाली, "मी सातवीपतूर मराठी शिकले आनी हायस्कूलला कन्नडात गेल्यावर वरीसभर रडले. तिघांस्नी कन्नडातच घाला."

ठरलं. मराठी लिहून पोट भरणारा मी बाजूलाच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

गुरुजींना सांगायला जायचं होतं. वहिनी म्हणाली, "भावजी, चला संगं. तुमी त्यांच्या शाळंतलं. राग आला तर तुमच्यावर काढतील."

गुरुजी वर्गात पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा सोडत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिघंही?"

"व्हय, गुरुजी. पोरगी एकटी बसवायला जीव हुईना."

"एकटी बसवूच नका," ते म्हणाले. त्यांनी पहिलीची पुस्तकं वेगळी काढून कपाटात ठेवली. माझ्या आठवणीत मराठी शाळेची पहिली रिकामी राहण्याची ही पहिलीच वेळ होती. राग कुणावरच निघाला नाही.

कपाट लावून त्यांनी वहिनीला विचारलं, "पुढच्या वर्षी गावात कोण सहा वर्षांचं होतंय?"

वहिनीनं मनाशी घरं मोजली. "दोन. त्यातलं एक रेल्वेच्या कामावर आलेल्या मानसांचं. ती तवर ऱ्हातील का न्हाई, काय सांगावं."

गुरुजींनी दोन्ही मुलांची नावं विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. "रेल्वेवाल्यांचं घर कुठलं?"

"टाकीच्या वरच्या अंगाला, पत्र्याचं."

"आजच जाऊन येतो," म्हणत त्यांनी वर्गाला कुलूप लावलं.